नदीचा कायदा आणि नदीकाठचा शेतकरी

(बेडसे, ता. मावळ, जि. पुणे येथील शेतकरी मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी कृषिविद्येचा माणूस. भाताचे वाण, खताची मात्रा, तणनियंत्रण हे माझे नेहमीचे विषय. आज मात्र कायद्यावर बोलण्याचे ठरवले आहे. कार्यक्रमपत्रिकेवर हा विषय पाहून एका ज्येष्ठ शेतकऱ्याने मला मघाशी चहाच्या वेळी विचारले, "सर, कायदा झाल्याने नदी स्वच्छ होते का हो?" मी म्हणालो, "आप्पा, भाषणातच सांगतो." तेव्हा आजचे भाषण हे त्यांच्या प्रश्नाचे उत्तर आहे असे समजावे.

आपण बसलो आहोत ती जागा मोठी मोक्याची आहे. या डोंगराच्या अलीकडे पवना आणि पलीकडे इंद्रायणी. पवना धरणातून निघालेले पाणी रावेतच्या बंधाऱ्यावरून चिंचवड, पिंपरीमार्गे दापोडीला मुळेला मिळते. मुळा पुण्यात मुठेला मिळते. मुळा-मुठा पुढे दौंड तालुक्यात भीमेला मिळते. इंद्रायणी देहू, आळंदीवरून तुळापूरला भीमेतच जाते. भीमा उजनीत साठते, पंढरपूरला चंद्रभागा म्हणून पुजली जाते आणि कर्नाटकात जाऊन कृष्णेत विलीन होते. म्हणजे बेडशाच्या खाचरातून बांध ओलांडून गेलेले पाणी चार जिल्ह्यांना आणि पुढच्या राज्यालाही पुरते.

माझे गाव उजनीच्या फुगवट्याला लागून आहे. तुमच्याकडचे पाणी आमच्याकडे येते, पण वाटेत दोन महानगरे ओलांडून येते. उन्हाळ्यात त्या पाण्याला हिरवी साय धरते आणि मोटार सुरू केली की वास येतो. आमच्या मळ्यात काही वर्षांपूर्वी भाजीपाल्याच्या पानांच्या कडा करपू लागल्या. वडिलांना तो रोग वाटला आणि त्यांनी दोन फवारण्या केल्या. पाण्याचा नमुना तपासला तेव्हा क्षार वाढलेले निघाले. फवारणीचे पैसे वाया गेले होते. त्या दिवसापासून नदीचा प्रश्न हा माझ्यासाठी पीक उत्पादनाचा प्रश्न झाला.

कायदे कोणते आहेत?

पाणी प्रदूषणाच्या कायद्यात महाराष्ट्र देशाच्या पुढे होता. केंद्राच्या आधी आपल्या राज्याने १९६९ मध्ये जलप्रदूषण प्रतिबंधक कायदा केला आणि त्याखाली ७ सप्टेंबर १९७० रोजी प्रदूषण नियंत्रण मंडळ स्थापन झाले. केंद्राचा जल (प्रदूषण प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियम १९७४ मध्ये आला. पाणी हा राज्यांचा विषय असल्यामुळे राज्यांनी ठराव करून तो स्वीकारायचा होता. महाराष्ट्रात तो १ जून १९८१ पासून लागू झाला. भोपाळच्या १९८४ च्या वायुकांडानंतर १९८६ मध्ये पर्यावरण संरक्षण अधिनियम आला.

१९७४ च्या कायद्याचा गाभा सोपा आहे. कलम २४ प्रमाणे कोणीही प्रदूषण करणारा पदार्थ जाणूनबुजून नदी-नाल्यात, विहिरीत किंवा जमिनीवर सोडू नये. कलम २५ प्रमाणे सांडपाणी सोडणाऱ्या प्रत्येक उद्योगाने आणि स्थानिक संस्थेने मंडळाची संमती घ्यावी. १९८८ मध्ये कलम ३३-अ घालून मंडळाला कारखाना बंद करण्याचा, त्याची वीज व पाणी तोडण्याचा अधिकार मिळाला. गुन्ह्याला दीड वर्ष ते सहा वर्षे कैदेची तरतूद होती. २०२४ च्या दुरुस्तीने बहुतेक गुन्ह्यांची कैद काढून त्या जागी दहा हजार ते पंधरा लाख रुपये दंड आणला आहे. ही दुरुस्ती आधी हिमाचल प्रदेश, राजस्थान आणि केंद्रशासित प्रदेशांना लागू झाली. इतर राज्यांनी ती विधिमंडळाच्या ठरावाने स्वीकारायची आहे.

या कायद्यात शेतकऱ्यासाठी दोन गोष्टी आहेत. राज्य मंडळावर शेती, मत्स्यव्यवसाय, उद्योग-व्यापार अशा हितसंबंधांचे तीनपर्यंत अशासकीय सदस्य नेमता येतात. म्हणजे शेतकऱ्याला तेथे बसण्याची जागा कायद्यानेच ठेवलेली आहे. दुसरे म्हणजे, सांडपाणी शेतीसाठी वापरण्याच्या पद्धती शोधणे हे मंडळाचे एक काम म्हणून कलम १७ मध्ये लिहिलेले आहे. या दोन्ही गोष्टी आपल्यापैकी किती जणांना माहीत होत्या? मलाही परवापरवापर्यंत नव्हत्या.

२००५ मध्ये राज्याने आणखी दोन कायदे केले. एक, शेतकऱ्यांकडून सिंचन पद्धतींचे व्यवस्थापन करण्याचा कायदा, ज्याखाली पाणी वापर संस्था स्थापन होतात. दुसरा, जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा कायदा. या दुसऱ्या कायद्याच्या कलम १२ मध्ये पाण्याच्या गुणवत्तेबाबत स्पष्ट तत्त्व आहे, की जो प्रदूषण करील त्याने भरपाई द्यावी. २०१० मध्ये राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाचा कायदा आला. त्याचे पश्चिम विभागाचे पीठ पुण्यातच आहे.

मग नदी सुधारली का नाही?

आप्पांचा प्रश्न येथे येतो. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१८ मध्ये देशातील ३५१ नदीपट्टे प्रदूषित ठरवले होते. त्यांत महाराष्ट्रातील ५३ होते. २०२२ च्या अहवालात देशातील संख्या ३११ वर आली, पण महाराष्ट्रातील ५५ झाली आणि देशात ती सर्वांत जास्त ठरली. केंद्राच्या आधी कायदा करणाऱ्या राज्याची ही स्थिती आहे. याची कारणे माझ्या मते चार.

पहिले कारण, कायदा लिहिताना डोळ्यांसमोर कारखाना होता. कारखान्याला एक दार असते, एक मालक असतो, त्याची वीज तोडता येते. परंतु आपल्या नद्यांत जाणाऱ्या घाणीचा सर्वांत मोठा वाटा शहरांच्या घरगुती सांडपाण्याचा आहे. महानगरपालिकेची गटारे बंद करता येत नाहीत. तेथे मलशुद्धीकरण केंद्र बांधणे, ते रोज चालवणे आणि त्याचे वीजबिल भरणे हाच उपाय असतो. मुळा-मुठेसाठी जपानच्या कर्जातून ११ केंद्रांची, एकूण रोज ३९ कोटी ६० लाख लिटर क्षमतेची योजना ९९० कोटी रुपयांना मंजूर झाली ती याचसाठी.

दुसरे कारण, कायदा घाणीवर बोलतो, प्रवाहावर बोलत नाही. नदीत पाणी वाहते असेल तर ती थोडी घाण स्वतः पचवते. वाहत्या पाण्यात प्राणवायू विरघळतो आणि त्यावर जिवाणू घाण कुजवतात. पाणी आटले की तीच घाण सडते. कृष्णा पाणी तंटा लवादाने १९७० च्या दशकात महाराष्ट्राला ५६० टीएमसी, कर्नाटकाला ७०० आणि आंध्र प्रदेशाला ८०० टीएमसी असे पाणी वाटून दिले. राज्याराज्यांत पाण्याचे माप ठरले. ते पाणी कोणत्या प्रतीचे असावे आणि खुद्द नदीसाठी किती ठेवावे, हा त्या वाटपाचा मुद्दाच नव्हता. सबंध खोऱ्याचा एकत्र विचार करण्यासाठी १९५६ चा नदी मंडळ अधिनियम होता. त्याखाली एकही मंडळ उभे राहिले नाही.

तिसरे कारण, हाती असलेले संरक्षण काढून घेतले गेले. राज्याने १५ जुलै २००० रोजी नदी नियमन क्षेत्राचे धोरण आणले. नदीपासून किती अंतरावर कोणता उद्योग असावा हे त्यात ठरवले होते. २००९ मध्ये त्यात सुधारणा झाली आणि फेब्रुवारी २०१५ मध्ये ते रद्द झाले. उद्योगवाढीला त्याची अडचण होते असे कारण दिले गेले. ते धोरण शासन निर्णयाने आले आणि शासन निर्णयानेच गेले. विधिमंडळाचा कायदा असता तर इतक्या सहज गेले नसते.

चौथे कारण आपण स्वतः आहोत. त्याकडे मी शेवटी येतो.

पवनेचे पाणी आणि २०११

प्रवाहाचा मुद्दा पवन मावळाला कोणी शिकवायला नको. पवना धरणातून पिंपरी-चिंचवडसाठी सोडलेले पाणी नदीपात्रातूनच रावेतला जाते आणि तेथे उचलले जाते. वाटेत दोन्ही काठांची शेती त्याच वाहत्या पाण्यावर आहे. हे पाणी धरणापासूनच सुमारे ३५ किलोमीटर बंद नळाने न्यायची योजना आली तेव्हा मावळात आंदोलन उभे राहिले. ९ ऑगस्ट २०११ रोजी बऊर येथे द्रुतगती मार्गावर पोलिसांच्या गोळीबारात तीन शेतकऱ्यांचे प्राण गेले. काम थांबले. २०२३ मध्ये शासनाने योजनेवरील स्थगिती उठवली.

या विषयावर मते असू शकतात, आणि शहरातल्या माणसालाही स्वच्छ पाणी हवेच. पात्रातून जाणारे पाणी दूषित होते, झिरपते, म्हणून नळ हवा, असे शहर म्हणते. त्यात तथ्य नाही असे मी म्हणणार नाही. परंतु याचा अर्थ असाही होतो, की नदी स्वच्छ ठेवणे जमले नाही म्हणून पाणी नदीतून काढून घ्यायचे. उद्या पात्रात पावसाळ्यानंतर काय राहील? ओढ्यांचे थोडे पाणी, गावांचे सांडपाणी आणि जलपर्णी. एखाद्या प्रकल्पाच्या कागदावर शहराचा वाटा आणि सिंचनाचा वाटा लिहिला जातो, तसा नदीचा वाटा कोठे लिहिला आहे, हा प्रश्न आपण विचारायला हवा होता आणि अजूनही विचारता येईल.

असा वाटा लिहिणारा एक कायदा ऑस्ट्रेलियात झाला. तेथील मरे-डार्लिंग हे देशातील सर्वांत महत्त्वाचे शेतीचे खोरे आहे. दीर्घ दुष्काळात त्या नद्या खंगल्या, तेव्हा २००७ मध्ये केंद्र सरकारने जल अधिनियम केला. त्याखाली २०१२ च्या खोरे आराखड्यात वर्षाला २७५० अब्ज लिटर, म्हणजे सुमारे ९७ टीएमसी पाणी वापरातून कमी करून नदीला परत देण्याचे ठरले. आपल्या उजनीचा एकूण साठा ११७ टीएमसी आहे, त्यावरून आकार लक्षात येईल. यातील बराच भाग सरकारने राजी असलेल्या शेतकऱ्यांकडून पाण्याचे हक्क विकत घेऊन मिळवला.

पण तेथेही हे सुखासुखी झाले नाही. २०१० मध्ये आराखड्याचा पहिला मसुदा ग्रिफिथ या शेतीच्या गावी आला तेव्हा शेतकऱ्यांनी त्याच्या प्रती जाळल्या. पाणी विकून शेतकरी गेला की गावचे दुकान, शाळा, सोसायटी कशी टिकणार, हा त्यांचा सवाल होता. पुढे हक्क खरेदीवर मर्यादा घातली गेली आणि २०२३ च्या नव्या कायद्याने ती उठवली. यातून आपण एवढेच घ्यायचे, की नदीला पाणी द्यायचे असेल तर ते कोणाच्या तरी वाट्यातून येते. तो वाटा कोणाचा, हे ठरवताना शेतकरी बैठकीत हजर असला पाहिजे.

आपला स्वतःचा वाटा

आता चौथे कारण. १९७४ चा कायदा नळातून किंवा गटारातून येणारी घाण पकडतो. शेताशेतातून पसरून येणारे नत्र व स्फुरद त्याच्या जाळीत सापडत नाही. पण जलपर्णी कायदा वाचून वाढत नाही. तिला नत्र आणि स्फुरद मिळाले की ती वाढते, मग ते शहराच्या मैल्यातले असो, नाहीतर आपल्या युरियातले.

विद्यार्थी असताना मीच वडिलांना "एक पोते युरिया जास्त टाका" असे सांगत असे. पीक हिरवेगार दिसे. साचलेल्या पाण्यात युरिया फेकून दिला तर त्यातील साधारण ३० ते ४० टक्केच नत्र भाताला लागू पडते. बाकीचे हवेत उडते, खाली झिरपते किंवा पावसाच्या पाण्याबरोबर बांधावरून ओढ्यात जाते. मावळातला पाऊस आपणास माहीत आहे. खत टाकले आणि रात्री धो-धो कोसळला, तर सकाळी खत पवनेत.

याला उपाय आहे आणि तो आपल्याच शेतीत आहे. चारसूत्री भात लागवडीत १५-२५ सें.मी. अंतरावर जोडओळ पद्धतीने नियंत्रित लावणी करतात. लावणीनंतर त्याच दिवशी प्रत्येक चार चुडांच्या चौकोनात मधोमध सुमारे २.७ ग्रॅमची एक युरिया-डीएपी ब्रिकेट ७ ते १० सें.मी. खोल खोचतात. हेक्टरी सुमारे ६२,५०० ब्रिकेट, म्हणजे १७० किलो खत लागते. खत चिखलात खोल राहिल्याने वाहून जात नाही. गिरिपुष्पाचा पाला चिखलणीच्या वेळी गाडला तर वरखताची गरज आणखी कमी होते. १९८७ मध्ये वडगाव मावळच्या संशोधन केंद्राने दिलेल्या इंद्रायणी वाणाला आपण नदीचे नाव दिले आहे. ते भात पिकवताना नदी राखणे आपल्याला शोभेल.

ज्यांची गुलाबाची, जरबेराची हरितगृहे आहेत त्यांनी निचऱ्याचे पाणी ओढ्यात सोडू नये. त्यात विद्राव्य खते असतात. ते खड्ड्यात साठवून बांधावरच्या झाडांना किंवा गवताला द्यावे. कीटकनाशकाचा पंप ओढ्यावर धुऊ नये. आणि ज्यांनी धरणाकाठी पर्यटकांसाठी तंबू, खोल्या बांधल्या आहेत, त्यांनी शौचालयाचा निचरा कोठे जातो हे एकदा स्वतः पाहावे. आपल्या गावचा मैला पाण्यात सोडून शहराकडे बोट दाखवता येणार नाही.

पाणी तपासा

केंद्रीय मंडळाच्या वर्गवारीत सिंचनाचे पाणी सर्वांत खालच्या 'ई' वर्गात येते. सामू ६.० ते ८.५, विद्युत वाहकता २२५० मायक्रोम्होज प्रति सें.मी. पर्यंत, सोडियम शोषण गुणोत्तर २६ पर्यंत आणि बोरॉन लिटरला २ मिलिग्रॅमपर्यंत, अशी त्याची मर्यादा आहे. ही मर्यादा सैल आहे. वाहकता ७५० च्या पुढे गेली की पाणी जास्त क्षारांच्या वर्गात जाते, आणि गुणोत्तर १० च्या आत असलेलेच पाणी निर्धोक समजतात. भारी काळ्या, निचरा कमी असलेल्या जमिनीत तर अधिक जपावे लागते. म्हणजे कायद्याने 'चालेल' म्हटलेले पाणी तुमच्या जमिनीला चालेलच असे नाही.

नमुना घेताना मोटार दहा मिनिटे चालू द्यावी, स्वच्छ प्लास्टिकची बाटली त्याच पाण्याने दोन-तीन वेळा विसळावी, एक लिटर पाणी भरून घट्ट बूच लावावे. नाव, गट क्रमांक, पाण्याचा स्रोत, तारीख लिहून शक्यतो २४ तासांत प्रयोगशाळेत द्यावी. उन्हाळ्यात एकदा आणि पावसाळ्यानंतर एकदा असा नमुना दरवर्षी घ्यावा. पाच वर्षांचे कागद एकत्र ठेवले तर तुमच्या नदीची कुंडली तयार होते.

कायदा वापरायचा कसा?

१) ओढ्यात किंवा नदीत दूषित पाणी येताना दिसले तर तारीख, वेळ, जागा लिहून छायाचित्रासह मंडळाच्या कार्यालयात लेखी तक्रार द्यावी व पोच घ्यावी.

२) तुम्ही स्वतः भरलेली बाटली खटल्यात पुरावा म्हणून चालत नाही. कलम २१ प्रमाणे मंडळाच्या अधिकाऱ्याने रीतसर नोटीस देऊन, नमुन्याचे दोन भाग करून, सीलबंद करून घेतलेला नमुनाच ग्राह्य असतो. म्हणून अधिकाऱ्याला जागेवर बोलावण्याचा आग्रह धरावा. तुमचा अहवाल त्यासाठी उपयोगी पडतो.

३) माहिती अधिकार अधिनियम, २००५ खाली संबंधित उद्योगाच्या किंवा संस्थेच्या संमतीपत्राची प्रत मागावी. किती आणि कोणत्या प्रतीचे पाणी सोडायचे हे त्यात लिहिलेले असते.

४) पिकाचे किंवा जमिनीचे नुकसान झाले असेल तर हरित न्यायाधिकरणाकडे भरपाईसाठी पाच वर्षांच्या आत अर्ज करता येतो. पर्यावरणाच्या इतर वादासाठी मुदत सहा महिन्यांची आहे. तेव्हा वाट पाहत बसू नये. तलाठ्याचा पंचनामा वेळेवर करून घ्यावा.

५) ग्रामसभेत ठराव करावा. एकट्या शेतकऱ्याचा अर्ज फाईलमध्ये राहतो. काठावरच्या दहा गावांचे एकाच मजकुराचे ठराव गेले तर त्यांची दखल घ्यावी लागते. पाणी वापर संस्था असेल तर तिचाही ठराव जोडावा.

आप्पा, आता तुमचे उत्तर. कायदा झाल्याने नदी स्वच्छ होत नाही. कायदा हे अवजार आहे. नांगर घरात उभा करून ठेवला तर रान नांगरले जात नाही. आणि आपला नांगर जरा जुना, एका बाजूला वळलेलाही आहे. तो दुरुस्त करून मागावा लागेल. नदीच्या वाट्याचे पाणी कायद्याने ठरवून द्या आणि नदीकाठचे संरक्षण विधिमंडळाच्या कायद्याने परत आणा, या दोन मागण्या मावळातून गेल्या तर त्यांना वजन येईल. कारण पाण्यासाठी मावळाने किंमत मोजलेली आहे.

वरच्या लेण्यात एका पाण्याच्या टाक्यावर जुना ब्राह्मी लेख आहे. महाभोजाच्या कन्येने, सामडिनिका या महारठिनीने दिलेले ते दान आहे. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी या डोंगरावर कोणीतरी अनोळखी वाटसरूसाठी पाणी राखून ठेवले. आपल्यालाही तेच करायचे आहे, फक्त आपला वाटसरू खाली दौंडला, इंदापूरला, पंढरपूरला आहे. त्यातला एक मी.

पुढच्या मेळाव्याला येताना प्रत्येकाने आपल्या विहिरीचा किंवा उपशाचा पाण्याचा अहवाल बरोबर आणावा. चर्चा तेथूनच सुरू करू.